तोर्तियाला नावं ठेवू नकोस, आधी नळाचं पाणी बघ

तुझा प्रश्न दोनदा वाचला. ऑगस्टपासून कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीतल्या एका छोट्या गावच्या शाळेत वेलनेस कोऑर्डिनेटर म्हणून लागलीयेस, सातवी ते बारावीची मुलं, दहातली नऊ लॅटिनो (म्हणजे मेक्सिकोसारख्या देशांतून आलेल्या घरांमधली), बहुतेकांचे आईवडील शेतावर नाहीतर पॅकिंग हाऊसमध्ये. हातात तयार अभ्यासक्रम आणि रंगीत ताटाचा चार्ट दिलाय. सोड्यातल्या, म्हणजे कोकसारख्या कोल्ड्रिंकमधल्या साखरेवर लेसन घेतलास आणि नेमकं तेव्हाच मागच्या बाकावर टाकीस नावाच्या चिप्सचं पाकीट फुटलं, आणि एका मुलीने तोंडावर सांगितलं की तुम्ही लोक नेहमी आमच्याच जेवणाला नावं ठेवता. त्यात तुला स्पॅनिश येत नाही, आणि प्रिन्सिपलना मे महिन्यापर्यंत सगळ्यांच्या बीएमआयचे (उंचीच्या मानाने वजनाचे) आकडे हवेत. आता मी काय करू, असं विचारलंयस.

मी मूळची मिरजेची, डाएटिशियन, गेली सतरा वर्षं याच व्हॅलीत शाळाशाळांमधून काम करतेय. वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, चालवून घे. उत्तर लांब होणार आहे कारण विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिलं म्हणजे ती मुलगी बरोबर बोलली. माझ्या पहिल्या वर्षी मी पण असाच चार्ट लावला होता, त्यात तोर्तियावर (त्यांची भाकरी-पोळीच ती) लाल फुली आणि शेजारी गव्हाच्या ब्रेडला हिरवी खूण. एक नववीतली मुलगी तासानंतर माझ्याकडे आली आणि म्हणाली, मिस, माझी आजी रोज पहाटे उठून हे करते, ते काय चुकीचं आहे का. मला उत्तर देता आलं नाही. घरी आले आणि विचार करत बसले की माझ्या आजीच्या ज्वारीच्या भाकरीवर कोणी फुली मारली असती तर मी त्या माणसाचं पुढे काही ऐकून घेतलं असतं का. चार्ट दुसऱ्या दिवशी काढला.

आणि ती फुली शास्त्राच्या दृष्टीनेही चूकच होती गं. मक्याची तोर्तिया म्हणजे काय, तर मका चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजवून ठेवायचा, मग दळायचा. त्याला निक्स्तामाल म्हणतात. चुन्यामुळे मक्यातलं नियासिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगं होतं आणि वर कॅल्शियम मिळतं. ही युक्ती हजारो वर्षं जुनी आहे, आणि मका युरोपात गेला पण ही युक्ती सोबत गेली नाही म्हणून तिकडे मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा, म्हणजे नियासिनच्या कमतरतेचा आजार झाला. एक छोटी मक्याची तोर्तिया साधारण ५०-६० कॅलरीची, त्यात तेल नाही. सोबत फ्रिहोलेस म्हणजे शिजवलेला राजमा-घेवडा, थोडा सालसा, कोबी, लिंबू. यात सुधारणा करायची तर काय करणार आहेस तू? मैद्याची मोठी तोर्तिया, चीजचे थर, डीप फ्राय हे सगळं वेगळं, ते बरंचसं इकडे आल्यावर वाढलेलं. जी मुलं लहानपणी मेक्सिकोतून आली त्यांच्या ताटात अजून डाळ-उसळीसारखं काहीतरी दिसतं, आणि जी इथेच जन्मली-वाढली त्यांच्या ताटात चिप्स, सोडा, कपातले नूडल्स जास्त. म्हणजे मुलं ‘मेक्सिकन’ खातात म्हणून प्रॉब्लेम नाहीये, ते सुटत चाललंय हा प्रॉब्लेम आहे. हे एकदा डोक्यात बसलं की तुझी वर्गात बोलायची भाषाच बदलेल.

तुला तर यात एक फायदा आहे जो गोऱ्या टीचरला नाही. हामाइकाचं लाल सरबत प्यायलीस का अजून? ती आपली लाल अंबाडी, तीच बोंडं. वेर्दोलागास नावाची भाजी त्यांची आई डुकराच्या मांसात नाहीतर हिरव्या सालसात घालते, ती म्हणजे आपली घोळ. केलितेसमध्ये माठ-राजगिऱ्याची पानं येतात. आलेग्रिया नावाची वडी खाल्लीस तर रडशील, राजगिऱ्याची चिक्की आहे नुसती. मी वर्गात राजगिऱ्याची चिक्की नेली होती, काही न बोलता वाटली, आणि एक मेक्सिकोतल्या ओक्साका राज्यातला मुलगा ओरडला की हे तर आमचं आहे. मी म्हटलं आमचं पण आहे. पुढचा पाऊण तास त्यांनीच मला शिकवलं, कोणाची आजी काय करते, नोपालचे, म्हणजे निवडुंगाच्या पानांचे काटे कसे काढतात, सगळं. त्या दिवशी मी न्यूट्रिशनचा एक शब्द बोलले नाही, पण नंतर जे काही बोलले ते त्यांनी ऐकलं.

आता मूळ मुद्दा. अभ्यासक्रम बाजूला ठेव आणि आधी दोन गोष्टी बघून ये, मुलांचं घड्याळ आणि मुलांच्या घरचं पाणी. माझ्या अनुभवात निम्मं उत्तर तिथेच असतं आणि तिथे कोणी बघत नाही.

घड्याळ म्हणजे असं. द्राक्षाच्या, संत्र्याच्या कामाला माणसं उजाडायच्या आत निघतात, उन्हाळ्यात तर अजून लवकर कारण दुपारी ऊन असह्य असतं. आई चार-साडेचारला घर सोडते. मग धाकट्या दोघांना उठवणं, कपडे घालणं, शेजारच्या मावशीकडे सोडणं हे काम कोणाचं? तुझ्या वर्गातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं. तिची बस साडेसहाला, बस पाऊण तास शेतांमधून फिरते आणि पोचते तेव्हा कॅफेटेरियाचा ब्रेकफास्ट आवरायची वेळ झालेली असते. दहा वाजता पोटात कावळे ओरडतात तेव्हा बॅगेत काय असतं, तर टाकीस. तू तिला सांगतेस की सकाळचं खाणं महत्त्वाचं आहे. अगं तिला ते माहितीये, ती दोन भावंडांना खायला घालून आलीये.

कॅलिफोर्नियात २०२२-२३ पासून सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलाला ब्रेकफास्ट आणि लंच दोन्ही फुकट आहे, उत्पन्न कितीही असो, कागदपत्रं असोत नसोत. पण फुकट असून हातात पडत नसेल तर काय उपयोग. म्हणून पहिल्या तासानंतर दहा मिनिटांची सुट्टी आणि तेव्हा कॉरिडॉरमध्ये गाडीवर ब्रेकफास्ट, ज्याला इथे सेकंड चान्स ब्रेकफास्ट म्हणतात, ते सुरू कर. यासाठी प्रिन्सिपलपेक्षा कॅफेटेरिया मॅनेजर आणि सफाईवाल्या काकांशी आधी बोल, कारण कचरा कोण उचलणार यावरच ही गोष्ट अडते. मी काम केलेल्या एका शाळेत ही गाडी सुरू झाल्यावर दहाच्या सुमाराचं चिप्सचं प्रकरण आपोआप बरंच कमी झालं, एकही लेक्चर न देता.

झोपेचंही तेच. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा केला, २०२२ पासून लागू, की हायस्कूल साडेआठच्या आत आणि मिडल स्कूल आठच्या आत सुरू करायचं नाही. छान कायदा आहे, पण त्यात ग्रामीण स्कूल डिस्ट्रिक्टना सूट दिलीये. म्हणजे ज्या मुलांचा दिवस पहाटे चारला सुरू होतो त्यांच्याच शाळांना हा नियम लागू नाही. मला हे वाचून फार राग आला होता, अजून येतो. तुझी शाळा कुठल्या गटात मोडते ते विचार. आणि मोबाइल रात्री लांब ठेवा वगैरे सांगण्याआधी हे लक्षात घे की एका खोलीत चौघं झोपतात आणि त्यातल्या एकाचा अलार्म साडेतीनचा असतो. तिथे मी फक्त एवढं सांगते की शनिवार-रविवारी दुपारी बारापर्यंत झोपून राहू नका, आणि संध्याकाळी चारनंतर एनर्जी ड्रिंक नको, ज्याच्या एका मोठ्या कॅनमध्ये १६० मिलिग्रॅम कॅफिन असतं. मुलांना हा आकडा माहीत नसतो, ऐकून दचकतात. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ सालीच सांगितलंय की मुलांनी ही ड्रिंक्स घ्यायचीच नाहीत.

आता पाणी. यावर जरा जास्त लिहिणार आहे.

तू सोड्याच्या लेसनमध्ये शेवटी काय सांगितलंस? सोडा नको, पाणी प्या. बरोबर? आता त्या मुलांच्या कानाने ऐक. या व्हॅलीत कित्येक गावांच्या विहिरींमध्ये नायट्रेट आहे, खतांमधून आणि डेअऱ्यांच्या शेणातून झिरपलेलं (टुलारी काउंटी म्हणजे अख्ख्या अमेरिकेत दुधासाठी आघाडीवर, एवढ्या गाई तर एवढं शेण). काही ठिकाणी आर्सेनिक. २०१४ च्या दुष्काळात ईस्ट पोर्टरव्हिलमध्ये शेकडो घरांच्या विहिरी आटल्या आणि लोकांनी अंगणात टाक्या ठेवून दिवस काढले. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की स्वच्छ पाणी हा माणसाचा हक्क आहे, आणि त्याच राज्यात या मुलांच्या आया त्यांना पाळण्यात असल्यापासून सांगतात की नळाचं पिऊ नकोस. तिकडे मेक्सिकोतही गावाकडे नळाचं पीत नाहीत, ती सवय होतीच, इकडे येऊन ती खरी ठरली. मग पाच गॅलनचा जार विकत आणायचा, तो उचलायला गाडी पाहिजे, आणि जार संपला की फ्रिजमध्ये काय असतं? दोन लिटरची कोक. ती बंद असते, सीलबंद, सगळीकडे सारखीच लागते, आणि तिच्यामुळे कोणाचं पोट बिघडलेलं त्यांनी बघितलेलं नाही. त्या आईने विचार करूनच निवडलेलं असतं गं ते. तिला अडाणी समजलीस की संपलं.

म्हणून तू काय करायचंस, तर शाळेच्या पाण्याचा रिपोर्ट मागव. सार्वजनिक पाणीपुरवठ्याला दरवर्षी गुणवत्तेचा रिपोर्ट द्यावाच लागतो. शाळेची स्वतःची विहीर असेल तर तपासणीचे कागद डिस्ट्रिक्टकडे असतात. पाणी चांगलं असेल तर तो निकाल मोठ्या अक्षरात, स्पॅनिशमध्ये, नळाच्या वर लाव, आणि मुलांसमोर स्वतः तेच पाणी पी. नसेल चांगलं तर बाटली भरायचं फिल्टरवालं स्टेशन बसवून घेईपर्यंत ‘पाणी प्या’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. जेवणाच्या वेळी फुकट पिण्याचं पाणी देणं शाळेला २०१० च्या केंद्राच्या कायद्याने बंधनकारक आहे, ते तिथे कोपऱ्यात ठेवलेल्या गंजक्या फवाऱ्यावर भागवतात, त्यावर अडून बस. आणि एक गोष्ट आयांना सांगच सांग, नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं, आणि साध्या कोळशाच्या जगवाल्या फिल्टरनेही जात नाही, आरओ लागतो. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याचं दूध त्या पाण्यात बनत असेल तर हे फार गंभीर आहे. मी सवयी शिकवायला गेले आणि हे एक वाक्य सांगून आले, तर माझ्या मते तेच जास्त मोलाचं काम झालं.

साखरेचे आकडे मग सांग, पण नंतर. १२ औंसच्या कोकच्या कॅनमध्ये ३९ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ दहा चमचे, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या मते मुलांना दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत हवी. कॅलिफोर्नियाच्या शाळांमधून सोडा कधीच हद्दपार झालाय, पण शाळेच्या गेटसमोर दुकान असतंच. पर्याय म्हणून हामाइका कर मुलांबरोबर. दुकानातल्यात साखर मरणाची असते, म्हणून वर्गात एका जगात नेहमीएवढी साखर, दुसऱ्यात निम्मी, तिसऱ्यात पाव, आणि डोळे बांधून चाखायला लाव. निम्मीवाला जग बहुतेक वेळा जिंकतो.

टाकीसवाल्या मागच्या बाकाचं काय? तर या वयाच्या मुलांना ‘म्हातारपणी डायबेटिस होईल’ हे सांगून काही होत नाही, जगात कुठेच होत नाही. त्यांना दोन गोष्टी आतून लागतात, आपल्याला कोणी मूर्ख बनवतंय का आणि आपल्या माणसांवर अन्याय होतोय का. टेक्ससमधल्या एका शाळेत आठवीच्या ५३६ मुलांवर अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. काही मुलांना नेहमीचं आरोग्याचं शिक्षण दिलं आणि काहींना सांगितलं की मोठमोठ्या कंपन्या तुमच्यासारख्या पोरांना आणि गरीब वस्त्यांना कशा टार्गेट करतात, खाणं व्यसनासारखं कसं बनवतात. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच निमित्ताने खाऊ निवडायला दिला तर दुसऱ्या गटाने जंक कमी निवडलं. मला याचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. ही याच व्हॅलीतल्या डेलानो गावाच्या आसपासची मुलं आहेत गं, १९६५ चा द्राक्षमजुरांचा संप इथलाच, आधी फिलिपिनो मजूर लॅरी इटलिआँगबरोबर बाहेर पडले, आठवड्याभरात सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ताची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. कोणाचा ना कोणाचा आजा त्यात होता. आपल्याला कोणीतरी वापरतंय हे कळल्यावर काय करायचं ते यांच्या घरात माहितीये.

माझा सगळ्यात आवडता लेसन सांगते. मेक्सिकोने २०२० पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, साखर जास्त, मीठ जास्त, कॅलरी जास्त असं ठळक लिहिलेले, आणि शिक्केवाल्या पाकिटांवरून मुलांना भुलवणारी कार्टूनं पण काढायला लावली. डिसेंबरमध्ये बरीच कुटुंबं गावाकडे जातात, तेव्हा मुलांना सांगायचं की तिकडची रिकामी पाकिटं घेऊन या. जानेवारीत टेबलावर एकाच कंपनीचं तिकडचं आणि इकडचं पाकीट शेजारी शेजारी ठेवायचं. तिकडच्यावर काळे शिक्के, इकडच्यावर हसणारं कार्टून. मग गप्प बसायचं. पोरं भडकतात, म्हणजे खरोखर भडकतात, की आम्हाला इथे हे का सांगत नाहीत. मग सांगायचं की मेक्सिकोने २०१४ मध्ये गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, ओक्साकाने २०२० मध्ये लहान मुलांना सोडा आणि जंक फूड विकायलाच बंदी घातली, मार्च २०२५ पासून तर अख्ख्या देशातल्या शाळांमधून जंक फूड बंद. ज्या देशाला इकडे मागासलेला समजतात त्यानेच हे केलंय हे ऐकताना त्या मुलांच्या खांद्यांकडे बघ, ताठ होतात.

आणि त्यांना कामाला लाव, विद्यार्थी म्हणून नाही, संशोधक म्हणून. सलिनास व्हॅलीत, म्हणजे लेट्यूस-स्ट्रॉबेरीच्या भागात, बर्कली विद्यापीठाचा चामाकोस नावाचा मोठा अभ्यास कित्येक वर्षं चाललाय, त्यांच्या युथ कौन्सिलच्या मुलांनी हर्मोसा नावाचा अभ्यास विद्यापीठाच्या लोकांबरोबर बसून केला. १०० लॅटिना मुलींनी तीन दिवस मेकअप-शाम्पू बदलून काही ठराविक केमिकल नसलेले वापरले, आणि आधी-नंतरच्या लघवीच्या तपासणीत मिथाइल पॅराबेन जवळजवळ ४४ टक्क्यांनी उतरलं. शेतमजुरांच्या मुलांनी केलेलं काम शास्त्रीय जर्नलमध्ये आलं. तुझ्या शाळेत एवढं मोठं नाही जमणार, पण गेटसमोरच्या दुकानात कोणत्या उंचीवर काय ठेवलंय आणि कितीला आहे याचा सर्व्हे तुझी मुलं एका आठवड्यात करतील, आणि दुकानदाराशी बोलायला पण तीच जातील, कारण तो त्यांच्यातल्याच कोणाचातरी काका असतो.

व्यायामाचं थोडक्यात. रोज ६० मिनिटं हालचाल हवी हे सगळीकडे लिहिलेलं असतं, कॅलिफोर्नियात सातवीपासून पुढे दर दहा शाळेच्या दिवसांत ४०० मिनिटं पीई (शारीरिक शिक्षण) असायलाच हवं, तुझ्या शाळेत खरंच होतं का ते बघ. शाळेनंतर खेळायला थांबा म्हणणं सोपं आहे, पण शेवटची बस सुटली की घर आठ मैलांवर, रस्त्याला फुटपाथ नाही, मोकाट कुत्री, आणि शेजारच्या बागेत फवारणी चालू. त्यामुळे लेट बस नसेल तर शाळेनंतरचं काही ठरवूच नकोस, जे करायचं ते लंचमध्ये. हवेचा झेंडा रोज बघ, या व्हॅलीची हवा देशातल्या सगळ्यात वाईटपैकी आहे, शाळांबाहेर हिरवा-पिवळा-केशरी-लाल झेंडा लावतात, लाल असेल तर मुलांना पळवू नकोस, दमेकरी खूप आहेत. मुली मैदानावर येत नाहीत अशी तक्रार पीई टीचर करतील. त्याच मुली किन्सेआन्येरासाठी, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यासाठी, तीन-तीन महिने वॉल्ट्झ आणि कुंबियाची प्रॅक्टिस करतात, चौदा-पंधरा पोरं-पोरी घाम गाळून. त्यांना लंचमध्ये जिम उघडी करून दे आणि स्पीकर दे, बाकी काही करू नकोस. फोल्कलोरिको, म्हणजे त्यांचं लोकनृत्य येणारी एखादी आई सापडली तर सोन्याहून पिवळं.

आता घरच्यांचं. पालकसभा मंगळवारी पाच वाजता ठेवलीस तर कोणी येणार नाही आणि मग स्टाफरूममध्ये म्हणतील, यांना मुलांची काळजीच नाही. मला हे वाक्य आजवर इतक्या वेळा ऐकावं लागलंय. काढणीच्या हंगामात माणूस बारा तास उन्हात उभा असतो. आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कामगाराला कोयत्यावरून बोलावून पालकसभेला बसवलंय का कोणी कधी? रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये ठेव, नाहीतर आठवडी बाजारात एक टेबल मांड. खाण्याची सोय ठेव, लहान पोरांना बसवायची सोय ठेव. आणि बोलू दे प्रोमोतोराला. प्रोमोतोरा म्हणजे त्यांच्यातलीच, थोडं ट्रेनिंग घेतलेली बाई, आपल्या आशाताईंसारखी समज. तू शंभर स्लाइड दाखव, तिने स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलेलं एक वाक्य जास्त चालतं. तुझ्या काउंटीत, क्लिनिकमध्ये असणारच, शोध.

सही करायचा कागद फिरवलास तर त्यावर पत्ता विचारू नकोस. गेल्या एक-दोन वर्षांत इमिग्रेशनच्या धाडींच्या भीतीने लोक डॉक्टरकडे जायला घाबरतात, तिथे तुझ्या कागदाचं काय. सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या निकालाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेत शिकायचा हक्क दिलाय. तू फक्त मुलांचं खाणं आणि पाणी एवढंच विचारायला आलीयेस हे आधी सांग, मग बाकीचं. मोठ्यांशी बोलताना ‘उस्तेद’ म्हण, ते आपलं ‘तुम्ही’, यात चूक करू नकोस. आजीला म्हणजे अबुएलाला आधी नमस्कार, ती जेवणाची मालकीण असते. पुरुषांना पण बोलव, सोडा बहुतेक घरात तेच आणतात.

एक गोष्ट तुला मराठी म्हणून लगेच कळेल. मुलाच्या मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा दिसला तर आई म्हणते नीट अंघोळ करत नाही, आणि घासघास घासते. आपल्याकडे पण अगदी हेच चालतं. तो मळ नसतो, बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. मुलाला वर्गात काही बोलू नकोस, नर्सकडून घरी शांतपणे कळव आणि तपासणी कुठे होईल ते सांग. आईला एवढंच म्हण की घासू नका, त्याची चूक नाही. मी हे सांगितल्यावर एक आई तिथेच रडायला लागली, तिने पोराला काथ्याने घासलं होतं.

म्हणूनच बीएमआयच्या बाबतीत प्रिन्सिपलना नाही म्हण. नम्रपणे, पण नाही. देशात २ ते १९ वयाच्या हिस्पॅनिक मुलांमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण २६.२ टक्के आहे, करोनाच्या आधीच्या राष्ट्रीय सर्व्हेतला आकडा, सगळ्या मुलांचा मिळून १९.७. म्हणजे प्रश्न खरा आहे, मी नाकारत नाहीये. पण शाळेत वजन करून घरी पत्र पाठवल्याने काय होतं हे कॅलिफोर्नियातच ७९ शाळांमध्ये, जवळपास २९ हजार मुलांवर तपासून झालंय, २०२१ मध्ये निकाल आला. वजनात काही फरक नाही, आणि शाळेत वजन केलेली मुलं स्वतःच्या शरीरावर जास्त नाराज. तो पेपर छापून त्यांच्या टेबलावर ठेव. आणि आकडेच हवे असतील तर दुसरे दे, ब्रेकफास्टच्या गाडीवरून रोज किती ट्रे गेले, बाटलीच्या स्टेशनवरचा काउंटर किती पुढे सरकला, पीईची प्रत्यक्ष मिनिटं किती झाली, लंचच्या डान्सला किती जण आले. हे आकडे शाळेच्या हातात असलेल्या गोष्टींचे आहेत.

घरात पैसा नसेल तर सल्ला वाया जातो हेही प्रिन्सिपलना सांग. फ्रेस्नो काउंटीत फायरबॉ नावाच्या गावात यूसी डेव्हिस विद्यापीठाने निन्योस सानोस, फामिलिया साना नावाचा कार्यक्रम केला होता, त्यात वर्गांच्या जोडीला मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांना फळं-भाज्यांसाठी महिन्याला २५ डॉलरची व्हाउचर्स दिली, गावातल्याच दुकानात चालणारी. मला ती कल्पना फार पटते. ज्यांच्या हातांनी देशाची द्राक्षं तोडली जातात त्यांना द्राक्षं विकत घेता यावीत, एवढं तरी. ग्रँट लिहिणार असशील तर त्यात व्हाउचर घाल, मी मसुदा बघून देईन.

राहिली भाषा. स्पॅनिश शिकायला लाग, चुकत बोल, मुलं दुरुस्त करतात आणि त्यांना ते आवडतं. पण सगळ्यांच्या घरात स्पॅनिश आहे असंही धरू नकोस. ओक्साकाकडची बरीच कुटुंबं मिक्स्तेको, त्रिकी, सापोतेको बोलतात, आईला स्पॅनिश पण जेमतेम येतं आणि मुलगा लाजेने सांगत नाही. स्पॅनिशमध्ये छापलेलं पत्र घेऊन ती मान हलवते आणि आपण समजतो पोचलं. तेव्हा पहिल्याच महिन्यात शाळेच्या ऑफिसमधल्या बाईंना विचारून घे, आपल्याकडे कोण कोणत्या भाषेचं आहे, त्यांना सगळं माहीत असतं. आणि मुलांना दुभाषी म्हणून वापरू नकोस, निदान तब्येतीच्या गोष्टीत तरी नको. चौदा वर्षांच्या मुलीने स्वतःच्या आईला डायबेटिसचा रिपोर्ट समजावून सांगताना मी बघितलंय.

या आठवड्यात एवढंच कर, एक दिवस सकाळी साडेसहाच्या बसने मुलांबरोबर शाळेत ये. ड्रायव्हरला आधी विचारून ठेव. आणि बसचं टाइमटेबल आणि कॅफेटेरियाच्या वेळा मला मेसेज कर, ब्रेकफास्टची गाडी कुठे बसते ते आपण दोघी मिळून बघू.